गृहपाठ जास्त होतोय का, हे कसं मोजावं आणि मग काय करावं

जुलैतली बुधवारची रात्र होती, पाऊस धरून होता. पाचवीतली माझी नात जमिनीवर मांडी घालून, स्टुलावर वही ठेवून पाठाखालची प्रश्नोत्तरं दुसऱ्यांदा लिहीत होती. पावणेदहाला बघते तर डोकं वहीवर टेकलेलं आणि पेन अजून बोटांतच. शेवटचा शब्द ओळ सोडून खाली घसरत गेला होता, 'म्हणून' मधला 'न' खालच्या ओळीत जाऊन पडला होता. सून म्हणाली, "आई, उठवू का तिला? चारच उत्तरं राहिलीत. उद्या बाई शेरा देतील."

मी मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळांत 31 वर्षं शिकवलं. 1986 साली लागले, 2017 साली निवृत्त झाले. 'गृहपाठ अपूर्ण', 'पालकांनी लक्ष द्यावे' असे शेरे लाल पेनानं मी स्वतः हजारोंनी दिलेत. त्या रात्री मात्र मी सुनेला सांगितलं, उठवायचं नाही. वहीखालून नातीचा हात सोडवला, तिला गादीवर नेऊन टाकलं आणि वही घेऊन दिव्याखाली बसले. पुढच्या चार महिन्यांत जे केलं ते इथे लिहिते आहे. आमच्या परळच्या चाळीत चार घरांनी तसं करून पाहिलंय, तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिलं काम मोजण्याचं. "फार अभ्यास देतात हो" असं सगळेच म्हणतात आणि त्यावर शाळेत कुणी काही करत नाही, कारण 'फार' म्हणजे किती ते कुणालाच ठाऊक नसतं. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. शाळेचे सलग 10 दिवस, त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा: किती वाजता बसली, किती वाजता उठली, किती वाजता झोपली. मधे पाणी प्यायला उठली, रबर शोधलं, रुसून बसली, तो वेळ वजा करू नका. तो गृहपाठातच धरायचा, कारण मुलाच्या संध्याकाळीतून तोही गेलेलाच असतो. शेजारी एकेक अक्षर घाला. पुस्तकातून किंवा फळ्यावरून उतरवून काढलेलं असेल तर 'उ', डोकं चालवून केलेला सराव 'स', वाचन 'व', प्रकल्प 'प्र'. यापेक्षा जास्त काही नको, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही सोडून द्याल.

नातीचा 10 दिवसांचा हिशोब असा निघाला: एकूण 15 तास 40 मिनिटं. त्यात उतरवणं 9 तास 20 मिनिटं, प्रकल्प अडीच तास, सराव 2 तास 40 मिनिटं आणि वाचन फक्त 1 तास 10 मिनिटं. मी दोनदा बेरीज केली. आठवड्याला जवळपास 8 तास! केंद्र सरकारचं 2020 चं दप्तर धोरण म्हणतं की पहिली-दुसरीला गृहपाठच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवीला दिवसाला 1 तास आणि नववी ते बारावीला दिवसाला 2 तास. लहान मुलांना लिहायला लावण्याऐवजी संध्याकाळ कशी घालवली, कोणते खेळ खेळले, काय खाल्लं हे वर्गात सांगायला लावावं, असंही त्यात आहे. हे आकडे तोंडपाठ करा, पण शाळेत जाऊन फडकवू नका. धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि भांडून आलेल्या पालकाच्या मुलाकडे वर्गात कसं बघितलं जातं ते मला माहीत आहे.

दुसरं, मुलाकडे नीट बघा. वही नंतर, आधी मूल. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा आलाय का? रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं आणि सोमवारी शाळेला सुट्टी असली की थांबतं, असं होतं का? खोडून खोडून कागद फाटतो का? "आज काहीच दिलं नाही" असं खोटं बोलायला लागलंय का? खोटं बोलण्यावरून आधी रागावू नका. बहुतेक वेळा ते मूल थकलेलं असतं, लबाड नसतं. झोपेचे तास मोजा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते आणि 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. आमची साडेदहाला झोपायची आणि सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठायची. म्हणजे सव्वासात तास. महाराष्ट्र सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तोही मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. पाचवीतलं मूल त्यात बसत नाही. चौथीतून पाचवीत गेल्यावर एका उन्हाळ्यात झोपेची गरज दोन तासांनी कमी होते की काय, देव जाणे.

आणि खेळ. नात आधी रोज साडेपाचला नरे पार्कात जायची, चाळीतल्या पोरींबरोबर खो-खो खेळायला. जूनपासून ते बंदच झालं होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. कालनिर्णय भरताना आलं. उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे डोळ्यांचे डॉक्टर बरीच वर्षं सांगतायत. शिवाय खेळ हा अभ्यासाचा मोबदला नाही. 'आधी गृहपाठ, मग खेळ' हे वाक्य आमच्या घरातून मी काढून टाकलं. शाळेतून आल्यावर जेवण, विश्रांती, मग खेळ आणि दिवेलागणीनंतर अभ्यास. अंधार पडल्यावर मैदान मिळत नाही, वही मिळते.

आता वहीकडे या. गृहपाठ कशाचा आहे ते ओळखायला शिका, कारण सगळा गृहपाठ टाकाऊ नसतो. इथे मला शिक्षिका म्हणून आतलं सांगायचंय.

माझ्या वर्गात कधी 45 तर कधी 58 मुलं असत. एका विषयाच्या 50 वह्या, एका वहीला फक्त एक मिनिट धरलं तरी पन्नास मिनिटं झाली. तेवढा वेळ कुठून आणायचा? मग वही तपासताना आम्ही काय बघायचो? तारीख आहे का, समास आखलाय का, शीर्षकाखाली रेघ आहे का, पान भरलंय का. खाली बरोबरची खूण आणि सही. मुलाला ते समजलंय का, हे त्यातून कळत नसे. पाठ वर्गात पुरा झाला नाही की "उरलेलं घरून करून आणा", आणि अधिकारी वह्या बघायला येणार असले की "प्रश्नोत्तरं दोनदा". मोठ्या गृहपाठातला बराचसा भाग असा वर्गातून घरी ढकललेला असतो, त्यात मुलाच्या गरजेचा विचार नसतो. 1993 साली प्राध्यापक यशपाल यांच्या समितीचा 'ओझ्याविना शिक्षण' हा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त वाईट, असं त्यात होतं. तेव्हा आम्ही शाळेत त्यावर चर्चा केली, माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'उत्तरे लिहून आणा' असं लिहिलं.

त्याच सुमारास चौथीत एक मुलगी होती. लागोपाठ तीन दिवस गृहपाठ नाही. मी तिला दाराबाहेर उभं केलं. तिच्या वहीचे कोपरे ओले होऊन फुगलेले असायचे, त्यावरूनही मी बोलले, "वही नीट ठेवता येत नाही?" चौथ्या दिवशी ती आलीच नाही, म्हणून संध्याकाळी घर शोधत गेले. आई मासळी विकायची, पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायची. सामाईक नळाला पाणी पहाटे चारला यायचं. ते भरायचं काम या नऊ वर्षांच्या पोरीचं, धाकट्या भावाला बघायचंही तिचंच. वही मोरीच्या कट्ट्यावर ठेवून, पाणी येईपर्यंत जागं राहून ती लिहायचा प्रयत्न करायची. मी तिथे उभी होते आणि ती मला "बाई, बसा ना" म्हणत स्टूल पुसत होती. त्यानंतर मी वर्गाची पहिली पंधरा मिनिटं राहिलेला गृहपाठ तिथेच करायला देऊ लागले. पण ते तीन दिवस काही परत घेता आले नाहीत. गृहपाठ देताना प्रत्येक घरात टेबल, दिवा आणि रिकामी आई असते असं आपण धरून चालतो. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात, कुकरच्या शिट्ट्या होत असतात, आणि मूल 'मुद्देसूद उत्तरे' लिहीत असतं.

तर वही उघडा आणि तुमच्या कालनिर्णयातल्या अक्षरांशी ताडून बघा.

'उ' जास्त असेल तर तिथेच कापायला वाव आहे. तेच उत्तर दोन-तीनदा उतरवताना हात चालतो, डोकं झोपतं. त्याऐवजी हे करा: मुलाला पाठ एकदा वाचू द्या, पुस्तक मिटवा, आणि प्रश्न तोंडी विचारा. आठवून सांगितलेलं उतरवलेल्यापेक्षा पक्कं बसतं. दोन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा, भाजी निवडताना विचारलात तरी चालेल. 'स' राहू द्या, पण आटोक्यात. गुणाकाराची 25 गणितं एका दिवशी करण्यापेक्षा रोज 5, पाच दिवस. पहिली चार बरोबर आली तर ते मुलाला येतंय, पुढची एकवीस कशाला? आणि पहिली चार चुकली, तर पुढची एकवीसही चुकीच्याच रीतीनं पक्की होतील. तिथे थांबून वहीत लिहा, 'रीत समजलेली नाही, कृपया पुन्हा सांगावी'. पाढे गॅलरीत येरझाऱ्या घालत म्हणू द्या. 'व' वाढवा, तेवढंच वाढवा. अमेरिकेतले हॅरिस कूपर यांनी 2006 साली गृहपाठावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले होते. वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा काही संबंध दिसला, प्राथमिकच्या मुलांत तो नगण्य होता. मला ते वाचून धक्का बसला नाही. वर्गात जे पोरगं हुशार निघायचं ते घरी गोष्टींची पुस्तकं वाचणारं असायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रकल्पाबद्दल थोडक्यात. रात्री नऊला चार्ट पेपरसाठी स्टेशनरीच्या दुकानात धावणारे सगळे पालकच असतात. दुकानदाराकडे तयार प्रकल्पही मिळतात. ते आणू नका. मूल जे करेल ते, वाकडं असलं तरी, तसंच पाठवा. आमच्या सुनेनं एकदा नातीची राहिलेली दोन पानं डाव्या हातानं लिहून काढली होती, अक्षर लहान मुलाचं वाटावं म्हणून. रात्री साडेअकराला. ऑफिसमधून आठला घरी येणारी बाई! मी तिला रागावले नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते बंद केलं, कारण आपण लिहून दिलं की बाईंना वाटतं सगळं वेळेत होतंय, आणि उद्या तेवढंच पुन्हा मिळतं.

मग घरचा नियम ठरवा. आम्ही पाचवीसाठी 45 मिनिटं ठरवली. धोरणापेक्षा ती जास्तच आहेत, पण एकदम खाली आणलं असतं तर नातच घाबरली असती. गजर लावायचा. वाजला की चालू असलेलं वाक्य पुरं करायचं आणि वही मिटायची. राहिलेल्याखाली मोठ्या माणसानं लिहायचं. मी असं लिहिते:

"आज 45 मिनिटे मन लावून अभ्यास केला. प्रश्न 1 ते 5 पूर्ण. उरलेले उद्या करेल. झोपेची वेळ झाल्याने मी थांबवले आहे. – आजी"

त्यात तक्रार नाही, माफीही नाही. जबाबदारी मुलाच्या डोक्यावरून आपल्या सहीवर येते, एवढंच. पहिल्या दिवशी नात ती वही दाखवायला तयारच नव्हती. रडली. मी तिच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेले. संध्याकाळी आली ती म्हणाली, "आजी, बाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त तुझं अक्षर छान आहे म्हणाल्या."

आता शाळेत जायचं. पालकसभेच्या रांगेत हा विषय काढू नका, तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. डायरीत लिहून वर्गशिक्षिकेकडे दहा मिनिटं मागा. एकटे जाऊ नका, दोन पालक बरोबर घ्या, पण दहा नको. कालनिर्णयाचं पान घेऊन जा. "तुम्ही फार देता" हे वाक्य टाळा. "आमच्याकडे इतका वेळ लागतोय, बाकीच्या मुलांनाही लागतो का, तुम्ही सांगाल का?" असं विचारा. शिक्षकाला विचारलेलं आवडतं, सुनावलेलं नाही.

आमच्या भेटीत एक गोष्ट निघाली, जी मलाही 31 वर्षांत नीट कळली नव्हती, कारण मी एकटीच सगळे विषय शिकवायचे. नातीच्या शाळेत पाचवीला विषयाला वेगळे शिक्षक आहेत. मराठीच्या बाई म्हणाल्या, मी तर वीसच मिनिटांचं देते. गणिताचे सरही तेच म्हणाले. असे पाच जण. वीस पंचे शंभर! कुणीच जास्त देत नव्हतं आणि पोरीच्या वाट्याला शंभर मिनिटं येत होती. यावरचा उपाय साधा आहे, तो नक्की मागा: वर्गात भिंतीवर गृहपाठाचं वेळापत्रक. सोमवारी मराठी, मंगळवारी गणित, असं दिवसाला एक, फार तर दोन विषय. शुक्रवारी फक्त वाचन. बाईंनी तो कागद गणपतीनंतर लावला. गणिताच्या सरांनी पंधरा दिवस तो पाळला नाही. मग दुसऱ्या एका पालकांनी आपलं कालनिर्णय नेऊन दाखवलं, तेव्हा पाळला.

वर्गशिक्षिकेच्या हातात नसेल तर मुख्याध्यापकांकडे आणि पालक-शिक्षक संघाकडे जा. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांना गाठा. गृहपाठ राहिला म्हणून मुलाला बाहेर उभं करणं, मारणं, सगळ्यांसमोर अपमान करणं यावर मात्र गप्प बसू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना त्या कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे. मी तो कायदा यायच्या आधी ते केलं होतं. तेव्हाही ते चूकच होतं.

क्लासचा गृहपाठ हिशोबातून सुटतो, तो धरा. शाळेचे 45 मिनिटं आणि क्लासचे तासभर, तर मुलाचे पावणेदोन तास झाले. शिष्यवृत्तीचा, इंग्रजीचा, अबॅकसचा, असे तीन क्लास असतील तर एक ठेवा. कुठला ते मुलाला विचारून ठरवा. क्लासच्या सरांना सांगता येतं, आपण तिथे फी भरतो.

नववी-दहावीच्या मुलांना जास्त वेळ लागणारच, पण झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. मूल जेवेनासं झालं, मित्रांशी बोलेनासं झालं, रात्रभर जागं राहू लागलं, किंवा "मला जगायचंच नाही" असं चुकून जरी म्हणालं, तर गृहपाठ, शाळा, परीक्षा सगळं त्या क्षणी बाजूला ठेवा. "नाटकं करू नकोस" म्हणू नका. मुलाला एकटं सोडू नका, जवळ बसा, ऐका. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, 14416, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आमच्या परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे मुलाला घेऊन जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुट्टीच्या गृहपाठाचंही याच रीतीनं बघा. दिवाळीच्या सुट्टीत नातीला चाळीस पानं होती. आम्ही पहिल्याच दिवशी पानं मोजली, सणाचे पाच दिवस वगळले आणि उरलेल्या दिवसांवर वाटली. दिवसाला चार पानं आली. निबंधाचा विषय होता 'माझा आवडता सण'. तिनं चाळीच्या पोरांबरोबर अंगणात किल्ला केला होता, दोन पोती लाल माती आणून. हाताला माती तशीच असताना येऊन मला म्हणाली, "आजी, निबंधात बुरूज कसा कोसळला ते लिहू का? आम्ही परत बांधला तेही?" लिही म्हटलं. सव्वा पान झालं, एकही वाक्य पुस्तकातलं नाही. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्यातल्या तीन मी दाखवल्या आणि चार बाईंसाठी ठेवल्या.